कंटाळा कोणाच्या मालकीचा?

मराठी समीक्षेने गेल्या साठ वर्षांत 'कंटाळा' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. एरवी हा शब्द घरातला. मूल शाळेला कंटाळते, सून भांड्यांना कंटाळते, म्हातारा दुखण्याला कंटाळतो. साठोत्तरी काळात मात्र तो एकाएकी तत्त्वज्ञानाच्या पंगतीला जाऊन बसला. कामूची 'द आउटसायडर' आणि 'द मिथ ऑफ सिसिफस' ही दोन्ही पुस्तके १९४२ ची. आमच्याकडे मराठीच्या वर्गात त्यांचा बोलबाला झाला तो साठीनंतर. कंटाळा हे मानवी अस्तित्वाचे मूळ लक्षण आहे, असे आम्हाला शिकवले गेले. जो कंटाळला तो संवेदनशील. ज्याला कंटाळा येत नाही तो बथ्थड.

मी एम. ए. ला असताना हे वहीत उतरवून घेतले. उतरवताना मनात आले, माझी माय रोज म्हणते, 'इट आलाय जिवाला', ते कशात बसते? ते अस्तित्वाचे लक्षण धरायचे की नुसती कुरकुर? वर्गात विचारण्याची हिंमत झाली नाही. पुढे व्यासपीठे मिळाली तेव्हा मी या प्रश्नाचे उत्तर रागाने दिले. कंटाळा हा पांढरपेशांचा चोचला आहे, पोट भरल्यावर येणारी ढेकर आहे, आमच्या साहित्यात भूक आहे आणि म्हणून कंटाळा नाही, असे मी अनेक वर्षे बोललो. टाळ्याही मिळाल्या. आज मला ते उत्तर चुकीचे वाटते. चूक जाहीरपणे केली, तेव्हा दुरुस्तीही जाहीरपणे केली पाहिजे.

प्रथम त्या उत्तरात खरे काय होते ते सांगतो. १९६३ साली मराठीत दोन पुस्तके आली. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात शिकायला येतो, उधळमाधळ करतो, शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. त्याचा कंटाळा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने हादरलेला तो मुलगा आहे, आणि ज्या शिक्षणातून काहीच हाती लागत नाही त्याला तो विटला आहे. पण त्याला परतायला घर आहे. गावात त्याचे नाव विचारले तर ते सांगताना त्याची जीभ अडखळत नाही. बागुलांच्या शीर्षककथेतला तरुण नोकरीसाठी परमुलखात जातो आणि तेथे त्याची जात इतरांना ठाऊक नसते. तो काय बोलतो, कुठे बसतो, कोणाच्या घरी जेवतो, यातील प्रत्येक गोष्टीवर त्याला स्वतःच पहारा ठेवावा लागतो. अशा माणसाला कंटाळा परवडत नाही. कंटाळ्याला आधी थोडी सुरक्षितता लागते. भीती माणसाला सतत जागे ठेवते आणि जागता पहारा देणाऱ्याला दिवस रिकामा वाटत नाही. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांपैकी एकातील मनःस्थिती 'मानवी' ठरली आणि दुसरीतील 'सामाजिक' ठरली. कंटाळा विद्यापीठात गेला, भीती परिशिष्टात गेली. समीक्षेची ही वाटणी मला तेव्हा अन्यायाची वाटली, आजही वाटते.

पण यावरून आमच्या जगण्यात कंटाळा नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे अर्ध्यावर थांबणे होय. भीतीचा क्षण संपल्यावर जो उरलेला दिवस असतो, त्याचे काय?

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. पहिल्या दोन गोष्टींची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात आहे, आणि ती योग्यच आहे. मी तिसरीबद्दल बोलतो. सकाळी मस्टरवर हजेरी लागायची. मग डोक्यावर पदर ओढून बाया उन्हात बसायच्या, पुढ्यात दगड, हातात हातोडी. मुकादम ब्रासच्या मापाने खडी मोजायचा. त्या मजुरीवर आणि सुकडीवर आम्ही जगलो, मिलोची लालसर भाकरी खाऊन जगलो, हे विसरण्याइतका मी कृतघ्न नाही. पण संध्याकाळी माय घरी आली की भिंतीला पाठ लावून बसून राही आणि कोणाशी बोलत नसे. मी समजत असे, ती थकली आहे.

सुगीत ज्वारी काढायला जायची तेव्हाही ती थकत असे. कंबर मोडून जाई. पण तेव्हा ती येताना बायांशी बोलत, हसत येई. काढणीच्या ओळीला शेवट होता, शेवटी कणसाचा ढीग होता, त्यातले पायलीभर घरी येणार होते. शीण आणि कंटाळा यांतला फरक मला पुस्तकांनी शिकवला नाही, तो मायच्या या दोन संध्याकाळींनी शिकवला. पुढे एकदा मी तिला त्या दिवसांबद्दल विचारले. ती म्हणाली, "दगुड फोडायचं काय न्हाय रे बाळा. पर फोडलेली खडी तितंच पडून ऱ्हायली. रस्ता कुटं झाला? मंग कशापाई फोडली?" आमच्या शिवारातले ते ढीग रस्त्याच्या कडेला कित्येक वर्षे पडून होते. त्यांवर गवत उगवले होते.

सिसिफसचा दगड आमच्या प्राध्यापकांना प्रतीक म्हणून फार आवडे. डोंगरावर चढवायचा, खाली गडगडला की पुन्हा चढवायचा. माझ्या मायला सिसिफस ठाऊक नव्हता. पण सिसिफसला मस्टर नव्हते, मुकादम नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याला शिक्षा का झाली हे त्याला माहीत होते. देवांशी त्याचे भांडण झाले होते. माझ्या मायचे कोणाशीच भांडण झाले नव्हते. तिच्या वाट्याला तो दगड जन्माने आला होता. दुष्काळ सगळ्या गावावर पडला, पण ज्यांच्याकडे जमीन होती ते पाऊस पडताच आपल्या शेतात परतले. ज्यांच्याकडे काही नव्हते ते पुढच्या कामाच्या मस्टरची वाट पाहत राहिले.

येथे मला बाबासाहेबांच्या एका युक्तिवादाची आठवण द्यावीशी वाटते. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्था श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. हा भाग आपण सर्व जण पाठ म्हणतो. त्याच्या पुढचा भाग मात्र आपण फारसा वाचत नाही. ते पुढे सांगतात, की माणसाचा धंदा त्याची आवड आणि कुवत न पाहता पूर्वजांच्या दर्जावरून ठरवला, की त्याचे मन त्या कामात राहत नाही. तो काम टाळू पाहतो, त्याला कामाची घृणा वाटू लागते. मला वाटते, भारतीय कंटाळ्याची ही पहिली शास्त्रशुद्ध मीमांसा आहे. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत कामगाराच्या परात्मतेची चिकित्सा केली. कामगार आपल्याच श्रमाला परका होतो, हे त्याने सांगितले. बाबासाहेबांनी त्यात आमच्याकडची भर घातली. येथे माणूस जन्मायच्या आधीच त्याचे श्रम त्याला परके झालेले असतात.

हे केवळ खेड्यापुरते नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आमची माणसे सूतकताईच्या रिंग खात्यात. विणकामात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. माझे एक चुलते रिंग खात्यात होते. तुटलेला धागा सांधायचा, पुढे सरकायचे, पुन्हा तुटलेला धागा सांधायचा. कंटाळवाणे काम विणकऱ्यालाही होते. पण कोणाच्या वाट्याला कोणता कंटाळा यावा, हे यंत्राने ठरवले नव्हते, जातीने ठरवले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चुलते गावी परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत. धागे सांधण्याचा त्यांना कंटाळा होता. आता कामच उरले नाही, तर रिकामपणाचा कंटाळा आला. पारावर बसून त्यांची बोटे नकळत धागा सांधल्यासारखी हलत. लोक हसत. मी स्वतःही एकदा हसलो आहे.

कंटाळा हा वेळेच्या मालकीचा प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते यामुळे. माझा वेळ दुसऱ्याचा झाला आणि त्या वेळेतून काय निपजते यावर माझा काहीच अधिकार उरला नाही, की कंटाळा येतो. काम असले तरी येतो, नसले तरी येतो.

वेळेवरची ही मालकी सर्वांत उघडपणे दिसते ती वाट पाहायला लावण्यात. महारवतनाच्या कामाला ठरलेले तास नव्हते. दिवसरात्र केव्हाही हाक येईल, घरातला एक नसेल तर दुसऱ्याने जावे. पाळीचा तराळ चावडीपुढे बसून राही. काम असो वा नसो, बसणे हेच काम. शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये विहिरीतल्या प्रेतावर पहारा देत पोलिसांची वाट पाहणारा बाप आहे. आपण तो प्रसंग वाचतो तेव्हा प्रेत पाहतो, विहिरीत उतरण्याची सक्ती पाहतो. त्याआधीचे ते बसून राहणे आपल्या लक्षात राहत नाही. वतनाची ही गुलामी बदलावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

चावडी गेली, पण वाट पाहणे गेले नाही. माझा पुतण्या पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. कॉट बेसिसवर राहतो, महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतो. तेथे शेकडो मुले खाली माना घालून बसलेली मी पाहिली आहेत. मी त्याला विचारले, "अभ्यासाचा कंटाळा येत नाही का?" तो म्हणाला, "काका, अभ्यासाचा नाही येत. जाहिरात निघण्याची वाट पाहायची, मग परीक्षेची, मग निकालाची, मग नियुक्तीची. वय निघून चाललंय आणि मी खुर्चीत बसलोय, त्याचा येतो." या मुलाला त्याचे नातलग आळशी म्हणतात. चावडीपुढे बसलेल्या तराळालाही गाव आळशी म्हणत असे. ज्याचा वेळ हिरावून घेतला त्यालाच वेळ घालवणारा म्हणायचे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. वरच्याचा कंटाळा तत्त्वज्ञान होतो, खालच्याचा कंटाळा आळस ठरतो.

आता आपल्या साहित्याकडे येतो. दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला जे दिले त्याबद्दल मी येथे पुन्हा सांगायला नको. तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. या आत्मकथनांकडे वाचक आणि समीक्षक ज्या अपेक्षेने आले, ती अपेक्षा 'दाहक अनुभवा'ची होती. पांढरपेशा वाचकाला त्याच्या कंटाळ्यातून हलवील असे काही हवे होते. आमच्या दुःखाने त्याचा रविवार भरून निघाला. त्यामुळे प्रसंग निवडले गेले: मेलेले ढोर, नाकारलेले पाणी, शाळेतला अपमान. हे सारे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. पण ज्या दिवशी कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही, फक्त नेहमीसारखे झाडले, वाहिले, फोडले, वाट पाहिली, तो दिवस लिहिण्यालायक नाही असे आम्हालाही वाटू लागले. वास्तविक जात जितकी अत्याचारात आहे तितकीच या पुनरावृत्तीत आहे. अत्याचाराची बातमी होते. पुनरावृत्तीची सवय होते, आणि सवय झालेली गोष्ट माणसाला निसर्गासारखी वाटते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती आपल्या घरातली आहे. आपल्या कवितेत सूर्य, मशाल, ज्वालामुखी ही इतक्यांदा आली की ती आता पेटत नाहीत. आपल्या सभांत दोन तास सत्कार आणि हारतुरे होतात, मुख्य वक्ता उठतो तेव्हा मागच्या रांगा रिकाम्या झालेल्या असतात. मागे बसलेली मुले मोबाईल पाहतात, आणि आपण त्यांना चळवळीशी बेइमान ठरवतो. मी स्वतः व्यासपीठावरून असे बोललो आहे. पण त्या मुलांचा कंटाळा ही एक समीक्षा आहे. शब्द आणि कृती यांची फारकत झाली, म्हणणारा स्वतःच म्हणतो त्यात नाही, हे त्यांच्या कंटाळ्याने आपल्याआधी ओळखले. 'जय भीम' हा शब्द जुना झालेला नाही. तो उच्चारताना आपले काही पणाला लागेनासे झाले आहे. आपण त्यांचा वेळ घेतला आणि त्या वेळेवर त्यांना काहीच अधिकार दिला नाही. व्यासपीठाखाली मांडलेली ही आपली चावडीच नव्हे काय?

मग कंटाळ्याचे करायचे काय? तो दाबायचा की मिरवायचा? येथे मला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एक निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. परंपरागत कथेप्रमाणे सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिले, सुखोपभोगांचा त्याला वीट आला आणि तो घर सोडून गेला. बाबासाहेबांनी ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर या नित्याच्या गोष्टी पाहिल्याच नसतील हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ त्याला विरोध करतो आणि त्यासाठी गृहत्याग पत्करतो. विटलेल्या राजपुत्राच्या जागी त्यांनी पाण्याचा प्रश्न विचारणारा माणूस उभा केला. साठोत्तरी समीक्षेने जे केले, त्याच्या नेमके उलटे हे आहे. तिने सामाजिक कारणे काढून कंटाळा शिल्लक ठेवला. बाबासाहेबांनी वैयक्तिक विटण्याची कथा बाजूला सारून सामाजिक कारण समोर ठेवले.

पाली वाङ्मयात 'निब्बिदा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ वीट येणे, उबग येणे. पण तो शेवट नाही; निब्बिदेतून विराग आणि विरागातून विमुक्ती असा क्रम तेथे सांगितला आहे. ही निब्बिदा येते ती गोष्ट जशी आहे तशी पाहिल्यावर. माझ्या मायचे 'मंग कशापाई फोडली?' हे मला त्या जातीचे वाटते. ती नुसती विटली नव्हती, तिने ढिगाकडे पाहिले होते आणि कारण विचारले होते. वर्गात आम्हाला शिकवलेला कंटाळा कारण विचारायला तयार नव्हता. कारण विचारले असते तर त्याला घराच्या, जमिनीच्या, जातीच्या गोष्टी बोलाव्या लागल्या असत्या.

म्हणून फुरसत ही आपली मागणी असली पाहिजे. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी १९४५ साली यंत्राची बाजू घेतली ती याच कारणासाठी. यंत्राने माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती शक्य नाही, ही त्यांची भूमिका होती. मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले. सहा तास ही कोणाला लहान गोष्ट वाटेल. ते सहा तास पहिल्यांदाच कामगाराच्या मालकीचे होणार होते.

आणि मालकीचा थोडा वेळ हाती आला तर काय होते, याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. बेबी कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसत. गिऱ्हाईक नसे तेव्हा पुडीच्या रद्दीतले कागद वाचत, आणि घरातल्यांपासून लपवून वहीत लिहीत. ती वही वर्षानुवर्षे लपलेली राहिली. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले ते त्या वेळेतून. दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणे हेही कंटाळवाणेच असते. त्या बाईंनी तो रिकामा वेळ नवऱ्याच्या, घराच्या, गावाच्या नजरेआड स्वतःच्या मालकीचा करून घेतला.

हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे एकच सांगणे आहे. ज्या दिवशी काहीही घडले नाही असा आपल्या आईचा, बापाचा किंवा स्वतःचा एक दिवस लिहून काढा. सकाळी किती वाजता कोणाची हाक आली, किती वेळ कोठे बसावे लागले, काम कोणासाठी झाले, त्याचे पुढे काय झाले, एवढेच लिहा. सूर्य आणि मशाल राहू द्या. माझ्या मायचा तसा दिवस मी अजून लिहिलेला नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. खडीचे ढीगही आता तेथे नाहीत; तेथून पक्का रस्ता गेला आहे. तो झाला तेव्हा तिने फोडलेली खडी त्यात पडली की नाही, हे मी कोणाला विचारलेच नाही.